सॅन होजेत जमलं ते इतरत्र का जमलं नाही?

ऑगस्ट २०२० मध्ये एक फोटो अमेरिकेत खूप फिरला. कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावात दोन लहान मुली टाको बेलच्या दुकानाबाहेर फुटपाथवर बसल्या आहेत, पुढ्यात लॅपटॉप. कोविडमुळे शाळा बंद, वर्ग ऑनलाइन आणि घरी इंटरनेट नाही, म्हणून दुकानाच्या फुकट वायफायचा आधार. सलिनासच्या आसपास लेट्यूसची प्रचंड शेती आहे. देशभरच्या सॅलडची पानं तिथून जातात आणि ती खुडणारे मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. तिथून गाडीने तासाभरावर सिलिकॉन व्हॅली सुरू होते.

फोटो गाजला, त्या कुटुंबाला इंटरनेट मिळालं, लोकांनी पैसेही पाठवले. पण गरीब हिस्पॅनिक मुलांसाठी त्या लॅपटॉपपासून पहिल्या पगारापर्यंतचा रस्ता केवढा लांब असतो आणि तो नेमका कुठे तुटतो, हे अमेरिकेत गेली साठ वर्षं लोक शोधत आहेत. त्यात बरंच हाती लागलंय. काही गोष्टी तर अपेक्षेच्या अगदी उलट निघाल्या.

आधी ‘हिस्पॅनिक’ म्हणजे कोण ते पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. हा वंश नाही आणि कातडीचा रंगही नाही. ज्यांची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात आहेत ते हिस्पॅनिक: मेक्सिको, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, एल साल्वादोर, आणि प्वेर्तो रिको, जिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत. ब्राझीलचा माणूस पोर्तुगीज बोलतो, म्हणून तो लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. (गोव्याहून गेलेल्या एखाद्या फर्नांडिसशी तिथे कुणी आडनाव पाहून स्पॅनिशमध्ये बोलायला लागेलही, पण तोही यात बसत नाही.) टेक्सासमधली काही कुटुंबं तर टेक्सास अमेरिकेत सामील व्हायच्या आधीपासून तिथे राहतात. तेव्हा हिस्पॅनिक म्हणजे नुकताच सीमा ओलांडून आलेला माणूस, हे चित्र डोक्यातून काढून टाकलेलं बरं. २०२० च्या जनगणनेत ही संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे शंभरातले जवळपास १९. त्यातली शाळकरी वयाची बहुतेक मुलं अमेरिकेतच जन्मलेली आहेत.

या मुलांच्या शाळेचा प्रश्न पूर्वी फार मोठा होता. २००० साली १६ ते २४ वयातल्या हिस्पॅनिक तरुणांपैकी शाळा अर्धवट सोडलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांच्या घरात होतं. पुढच्या दोन दशकांत ते ८ टक्क्यांच्या खाली आलं. ही लहान गोष्ट नाही. पण शाळा संपली म्हणून चांगल्या नोकरीचं दार उघडलं, असं काही झालं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२१ मध्ये दिलेला आकडा पाहा: देशात काम करणाऱ्यांमध्ये हिस्पॅनिक १७ टक्के, पण विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताशी संबंधित नोकऱ्यांत फक्त ८ टक्के.

हे अंतर का पडतं, ते सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी माणसाला सांगायला सोपं आहे. तिथे आपले इंजिनिअर पुष्कळ आहेत. त्यांना त्यांच्या पहिल्या मुलाखतीची गोष्ट विचारा. कॉलेजातला कुणी सीनियर कंपनीत होता, त्याने नाव पुढे केलं, असं अनेकांकडून ऐकायला मिळेल. याला तिकडे रेफरल म्हणतात, आपल्याकडे शब्द टाकणं म्हणतात. आता त्याच इमारतीत संध्याकाळी केर-फरशी करायला येणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईचा मुलगा घ्या. हुशारी तीच असेल. पण त्याच्यासाठी शब्द कोण टाकणार? नातेवाईक आहेत, ओळखीही आहेत, पण त्या ओळखीतून काम मिळतं ते छपराचं, बागेचं नाहीतर हॉटेलच्या भटारखान्यातलं. घरात कुणी ऑफिसची पायरीच चढलेली नसते, त्यामुळे मुलाखतीला काय घालून जायचं इथपासून प्रश्न असतात.

यावर पहिला उपाय सुचला तो यंत्राचा. गणिताच्या शिक्षिका अँटोनिया स्टोन यांनी १९८० मध्ये ‘प्लेइंग टू विन’ नावाची संस्था काढली आणि १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये एका सरकारी गृहसंकुलाच्या तळघरात सगळ्यांना खुलं असं कॉम्प्युटर केंद्र सुरू केलं. ईस्ट हार्लेम म्हणजे प्वेर्तो रिकन लोकांचं ‘एल बारिओ’, म्हणजे नुसतं ‘वस्ती’. घरात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा श्रीमंतीची गोष्ट होती. या केंद्राच्या धर्तीवर गावोगावी ‘कम्युनिटी टेक्नॉलॉजी सेंटर’ निघाली: ग्रंथालयांत, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरासारख्या जागांत. १९९९ मध्ये संघराज्याच्या शिक्षण खात्याने त्यांच्यासाठी वेगळा निधी काढला, आणि तो काही वर्षांतच आटला.

हा असा आटणारा झरा पुढेही दिसतो. २०२१ च्या कायद्याने डिजिटल समानतेसाठी २७५ कोटी डॉलर मंजूर झाले, आणि मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तो कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरची सूट देणारी आणखी एक योजना होती. २ कोटी ३० लाख घरं तिचा लाभ घेत होती. पैसे संपले आणि जून २०२४ पासून तीही थांबली.

यंत्राचा प्रश्न आता वेगळ्या रूपात शिल्लक आहे. फोन सगळ्यांकडे असतो. पण २०२१ च्या पाहणीत २५ टक्के हिस्पॅनिक प्रौढ घरी ब्रॉडबँड न घेता फक्त स्मार्टफोनवरच इंटरनेट वापरत होते. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण १२ टक्के होतं. फोनवर व्हिडिओ बघता येतो, चॅट करता येतं. दोन पानांचा बायोडेटा नीट बनवणं, एक्सेलचा सराव करणं, कोड लिहून पाहणं हे मात्र फोनवर करून बघा म्हणजे कळेल.

आता सिलिकॉन व्हॅलीतल्या सॅन होजे शहराकडे येऊ. मला या सगळ्या विषयात सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती तिथली गोष्ट, कारण ती आधी यशाची आहे आणि मग अपयशाची.

सिलिकॉन व्हॅली हे नाव पडायच्या आधी सांता क्लारा खोरं जर्दाळू आणि प्रून्सच्या बागांसाठी प्रसिद्ध होतं. बागेतली फळं तोडायची, कारखान्यात डबाबंद करायची, ही कामं मेक्सिकन मजुरांची. ते राहायचे पूर्व सॅन होजेत, ‘साल सी पुएदेस’ नावाच्या वस्तीत. नावाचा अर्थ ‘निघता आलं तर निघ’. रस्ते कच्चे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेझ १९५० च्या दशकात याच वस्तीत राहत होते आणि संघटनेचं काम तिथेच शिकले. पुढे बागा तोडून चिप्सचे कारखाने उभे राहायला लागले. मजुरांच्या मुलांना त्या कारखान्यांत काम हवं होतं, पण इंग्रजी कच्चं, गणित कच्चं आणि शाळा सुटलेली.

१९६७ मध्ये या वस्तीतल्या चर्चशी जोडलेल्या लोकांनी, फादर अँथनी सोटो आणि रसेल टर्शी यांनी, एक प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. त्याचं नाव ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग’, थोडक्यात सीईटी. वरवर पाहता हे आपल्या आयटीआयसारखंच: वेल्डिंग, मशीन शॉप, इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी, ऑफिसचं काम. चालवण्याची पद्धत मात्र निराळी होती.

आयटीआयला प्रवेशासाठी गुणवत्ता यादी लागते. इथे प्रवेश परीक्षाच नव्हती. सातवी-आठवीच्या पातळीचं वाचन येत नसलं तरी कुणाला परत पाठवत नसत. बॅच नव्हती. वर्षभर कधीही दाखल व्हा, आणि तुम्हाला काम जमतंय असं दिसलं की नोकरी धरून बाहेर पडा. कुणाला चार महिने लागायचे, कुणाला आठ. दिवस कारखान्यासारखा: सकाळी वेळेवर यायचं, आठवड्याचे पूर्ण तास भरायचे. शिकवणारे बहुतेक त्या धंद्यातूनच आलेले, त्यामुळे कोणत्या कंपनीला कसा माणूस चालतो हे त्यांना ठाऊक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंग्रजी आणि गणिताचे वेगळे वर्ग त्यांनी ठेवले नाहीत. इतर ठिकाणी आधी सहा महिने इंग्रजी, मग गणित, मग जमलं तर हातात अवजार, असा क्रम असतो. ज्या मुलाने वर्गाला कंटाळून शाळा सोडली त्याला पुन्हा वर्गात बसवलं तर तो तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. सीईटीत मुलगा पहिल्याच दिवशी यंत्रापाशी उभा राहायचा. पट्टीवर तीन-अष्टमांश इंच मोजायची वेळ आली की तिथेच अपूर्णांक शिकवायचे. यंत्रावरची धोक्याची सूचना वाचायची आहे, तर तेवढं इंग्रजी तिथल्या तिथे. आपल्याकडे गॅरेजमध्ये पोऱ्या असाच शिकतो. फरक एवढाच, की सीईटीत पोऱ्याला अपूर्णांक समजेपर्यंत उस्ताद थांबत होता.

हे खरंच उपयोगी पडतं का, ते तपासायचं कसं? प्रशिक्षण घेतलेल्या मुलाचा पगार वाढला एवढं पुरत नाही. अठरा वर्षांचा मुलगा बावीसचा झाला की त्याची कमाई तशीही वाढते. म्हणून संशोधक चिठ्ठ्या टाकतात. अर्ज करणाऱ्या पात्र मुलांमधून चिठ्ठीने काहींना प्रवेश द्यायचा, बाकीच्यांना नाही, आणि चार वर्षांनी दोन्ही गटांची कमाई ताडून बघायची. क्रूर वाटतं, पण जागा तशाही कमीच असतात, आणि दोन्ही गट सुरुवातीला सारखे असल्याने पुढे पडलेला फरक प्रशिक्षणाचाच, असं म्हणता येतं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जॉबस्टार्ट’ नावाने अशी तपासणी १३ ठिकाणी झाली. सगळी मुलं १७ ते २१ वयाची, गरीब, शाळा सोडलेली, वाचनात कच्ची. १९९३ मध्ये अंतिम अहवाल आला तो निराश करणारा होता. मुलांनी शाळा पूर्ण केल्याच्या समकक्ष परीक्षा जास्त प्रमाणात पास केल्या होत्या, पण कमाईत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. कागद आला, पगार आला नाही. अपवाद एकच ठिकाण, सॅन होजेचं सीईटी. तिथल्या मुलांनी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षांत मिळून चिठ्ठी न लागलेल्यांपेक्षा ६,००० डॉलरहून अधिक जास्त कमावले होते. पुढच्याच वर्षी सरकारी प्रशिक्षणाच्या एका मोठ्या देशव्यापी अभ्यासातही शाळा सोडलेल्या तरुणांना काही फायदा झालेला दिसला नाही, आणि अमेरिकी काँग्रेसने त्यांच्यासाठीचा निधी धडाधड कापला. त्या पडझडीत सीईटी हा एकुलता एक उभा खांब होता.

मग सरकारने जे कुठलंही सरकार करेल तेच केलं: नक्कल. कामगार खात्याने देशात १२ ठिकाणी सीईटीची प्रतिकृती उभारायचं ठरवलं. प्रवेश परीक्षा नको, बॅच नको, अपूर्णांक यंत्रापाशी, उद्योगांची सल्लागार समिती, सगळं तसंच. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि साडेचार वर्षं पाठपुरावा केला. २००५ मध्ये निकाल आला. एकूणात ना नोकरीत फरक, ना कमाईत. मूळ पद्धत काटेकोरपणे राबवलेल्या मोजक्या केंद्रांवर सुरुवातीला मुलींना थोडा फायदा दिसला होता, तोही नंतर विरला.

का? कारणं बरीच दिली गेली. एक, बऱ्याच ठिकाणी नक्कल धड झालीच नव्हती. दुसरं, १९९० च्या दशकाच्या शेवटी अर्थव्यवस्था तेजीत होती, चिठ्ठी न लागलेल्यांनाही काम मिळत होतं, आणि त्यातल्या अनेकांनी दुसरीकडे कुठेतरी प्रशिक्षण घेतलंही होतं. ही कारणं खरी आहेत. पण माझ्या मते मूळ कारण अहवालात सापडण्यापेक्षा साल सी पुएदेसच्या चिखलात सापडेल. जॉबस्टार्टच्या वेळी सीईटीला वीस वर्षं होत आली होती. तिथून बाहेर पडलेली मुलं एव्हाना त्या कारखान्यांत मुकादम झाली असणार. शिक्षकाने फोन उचलून ‘हा पोरगा पाठवतोय, बघून घ्या’ म्हटलं की पलीकडचा माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवायचा, कारण आधी पाठवलेली पोरं टिकली होती. नव्या १२ ठिकाणी अभ्यासक्रम पोचला, फळे-खडू पोचले, सल्लागार समितीच्या बैठकाही झाल्या. वीस वर्षांची पत मात्र अनुदानाच्या अर्जासोबत पाठवता येत नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोने हा धडा वेगळ्या वाटेने आधीच गिरवला होता. १९९० मध्ये तिथला लिवाय स्ट्रॉसचा कपड्यांचा कारखाना बंद झाला आणि सुमारे हजार लोकांचं काम गेलं. त्यात बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका होत्या. शहरातल्या चर्चना जोडणाऱ्या दोन जनसंघटनांनी घराघरांत बैठका घेतल्या, आणि त्यातून १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ निघालं. त्यांनी अभ्यासक्रम ठरवायच्या आधी मालकांना गाठलं: तुम्हाला कोणती माणसं हवीत, आणि आम्ही तयार केली तर घ्याल का? होकार मिळाला की मगच लोकांना कम्युनिटी कॉलेजात घातलं, मुख्यतः रुग्णालयांतल्या कामांसाठी. शिकत असताना मुलांना सांभाळायचा खर्च, बसचं भाडं, आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक. हे लोक विशी-तिशीतले, काही त्याहून मोठे, त्यामुळे सीईटीच्या पोरांशी सरळ तुलना होत नाही. पण चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासात नऊ वर्षांनंतरही त्यांच्या कमाईतला फरक टिकून होता, आणि असं या क्षेत्रात फार क्वचित घडतं.

कॉम्प्युटरच्या क्षेत्रात दोन नावं घ्यायला हवीत. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९९५ पासून असलेली ‘पर स्कोलास’ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून शाळांना देण्यापासून सुरू झाली आणि मग दुरुस्ती शिकवायलाच लागली. बॉस्टनमध्ये २००० साली निघालेली ‘यिअर अप’ सहा महिने शिकवते आणि पुढचे सहा महिने मोठ्या कंपनीत उमेदवारीला धाडते. दोन्हींच्या चाचण्यांत कमाई स्पष्ट वाढलेली दिसली. पण इथे एक मेख आहे. दोन्हीकडे प्रवेशाआधी चाळणी लागते: वाचन येतं का, मुलाखत कशी झाली, वर्षभर टिकेल का. म्हणजे दुधावरची साय आधीच काढून घेतली जाते. संस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. कंपनीत आपला शब्द टिकवायचा तर भरवशाचाच मुलगा पाठवावा लागतो. पण जो आठवीचं पुस्तक अडखळत वाचतो, ज्याच्यासाठी सीईटीने दार उघडं ठेवलं होतं, तो या चाळणीतून खाली पडतो. त्याच्यासाठी काय चालतं याचं पक्कं उत्तर आजही कुणाकडे नाही.

कायद्याने निदान त्याच्याकडे बोट दाखवलंय. २०१४ च्या मनुष्यबळ कायद्यानुसार तरुणांसाठीच्या निधीतला किमान ७५ टक्के भाग शाळेबाहेर असलेल्या १६ ते २४ वयाच्या मुलांवर खर्चायचा असतो आणि किमान २० टक्के प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर. अडचण अशी, की त्याच कायद्यात संस्थांचं मूल्यमापन किती जणांना नोकरी लागली यावर होतं. मग साय काढायचा मोह पुन्हा होणारच.

कागदपत्रांचा मुद्दाही आहेच. लहानपणी आईबापांबरोबर विनापरवाना आलेल्या मुलांना कामाचा परवाना देणारी ‘डाका’ योजना २०१२ मध्ये आली. तिची अट अशी, की अर्जदार १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असला पाहिजे. ती तारीख कुणी पुढे सरकवली नाही. २०२१ पासून कोर्टाच्या आदेशामुळे नवे अर्ज मंजूरही होत नाहीत. त्यामुळे असा विनापरवाना आलेला आज सतरा-अठरा वर्षांचा मुलगा वेल्डिंगमध्ये कितीही तयार झाला तरी कायद्याने कुणी त्याला कामावर ठेवू शकत नाही. इथे कुणाचा शब्दही चालत नाही.

शेवटी शिकागो, कारण तिथल्या हिशेबाची मला गंमत वाटते. पिल्सन या मेक्सिकन वस्तीत जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांना १९९६ मध्ये शाळा काढायची होती. फी परवडणारं कुणी नव्हतं. मग त्यांनी युक्ती केली. शहरातल्या कंपन्या आणि वकिलांच्या कचेऱ्यांकडून कारकुनाची एक पूर्णवेळ नोकरी घ्यायची आणि ती चार मुलांत वाटायची. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस, उरलेला पाचवा दिवस पाळीपाळीने. कंपनी देते तो मोबदला फीमध्ये जमा. ‘क्रिस्तो रे’ नावाची ही शाळा निघाली तेव्हा हा निव्वळ पैशाचा जुगाड होता, आज त्या धर्तीवर अमेरिकेत अनेक शाळा चालतात. चौदा-पंधरा वर्षांची पोर टाय बांधून डाउनटाउनच्या बहुमजली इमारतीत जाते, फायली लावते, फोन घेते, आणि चौथं वर्ष संपेपर्यंत त्या मजल्यावरच्या लोकांना तिचं नाव पाठ झालेलं असतं.